ऑटो स्केलिंगने उभा राहिलेला सर्व्हर मध्यवर्ती लॉगमध्ये ओळखायचा कसा?

मध्यवर्ती लॉग सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या मशीनचे लॉग जिथे एकत्र येतात तिथे, या दोन ओळी दिसतात असं समजा:

मार्च १४ ०२:११:४७ आयपी-१०-०-३-२१ एनजिनएक्स: अपस्ट्रीम टाइम्ड आउट
मार्च १४ ०९:३६:०५ आयपी-१०-०-३-२१ एनजिनएक्स: अपस्ट्रीम टाइम्ड आउट

वाचणारा लगेच म्हणतो, हे मशीन रात्रीपासून बिघडलंय. पण रात्रीचं मशीन गर्दी ओसरल्यावर ऑटो स्केलिंगने (लोडनुसार सर्व्हर आपोआप वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या सोयीने) तीनच्या सुमारास काढून टाकलेलं असू शकतं, आणि सकाळी लोड वाढल्यावर जे नवं उभं राहिलं त्याला तोच आयपी मिळालेला असू शकतो. मग ही मशीन दोन. कदाचित इमेजही (ज्या साच्यावरून सर्व्हर उभा राहतो त्या) वेगळ्या, म्हणजे कोडही वेगळा. या दोन ओळींवरून यातलं काहीच कळत नाही. मशीन कुठलं ते नाही, टाइमझोन नाही, अगदी वर्षसुद्धा नाही.

ही अडचण मुळापासून सोडवता येते, आणि त्यासाठी महागडं टूल लागत नाही. खालची मांडणी एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) ईसी२ ऑटो स्केलिंग, लिनक्स आणि आरसिसलॉग (लॉग गोळा करून पुढे पाठवणारा प्रोग्राम) धरून केली आहे, कारण बऱ्याच टीमकडे हेच असतं. दुसऱ्या क्लाउडवर काय बदलतं तेही शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे.

होस्टनेमवर विसंबता का येत नाही

ईसी२ सर्व्हरचं ठरलेलं होस्टनेम त्याच्या खाजगी आयपीवरूनच बनतं. १०.०.३.२१ असेल तर नाव ‘आयपी-१०-०-३-२१’, आणि मुंबई रीजनमध्ये त्यापुढे ‘एपी-साउथ-१ डॉट कॉम्प्युट डॉट इंटर्नल’. सर्व्हर टर्मिनेट झाला, म्हणजे कायमचा काढून टाकला, की तो आयपी सबनेटकडे (नेटवर्कच्या त्या भागातल्या पत्त्यांच्या साठ्याकडे) परत जातो आणि नंतरच्या कुठल्याही सर्व्हरला मिळतो. भाड्याच्या खोलीचा नंबर तोच राहतो आणि भाडेकरू बदलत जातात, तसं हे आहे. सबनेट जितकं लहान, तितकी ही अदलाबदल जास्त. /२७ च्या सबनेटमध्ये ३२ पत्ते, त्यातले पाच एडब्ल्यूएस स्वतःसाठी राखून ठेवतं, उरले २७. रोज डिप्लॉय करताना सगळे सर्व्हर नव्याने उभे करत असाल, तर एका आठवड्यात एकाच नावाखाली अनेक मशीनचे लॉग साचतात.

लॉग सर्व्हरवर रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) लावून काही साधत नाही. उत्तर पुन्हा आयपीवरूनच बनलेलं येतं. मध्ये नॅट (वाटेत पत्ता बदलणारा दुवा) किंवा लोड बॅलन्सर असेल तर ‘फ्रॉमहोस्ट-आयपी’मध्ये, म्हणजे ओळ ज्या पत्त्यावरून आली त्या फील्डमध्ये, त्याचाच पत्ता दिसू शकतो, म्हणजे हाताशी उरलेला धागाही गेला.

म्हणून ओळख प्रत्येक ओळीसोबत पाठवणाऱ्या मशीननेच पाठवायची, आणि ती मशीनच्या पहिल्या मिनिटापासून लागू व्हायला हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १: ओळख कोणती ते ठरवा

उत्तर एकच: इन्स्टन्स आयडी, म्हणजे एडब्ल्यूएसने त्या सर्व्हरला दिलेली ओळख. ‘आय-’ आणि त्यापुढे हेक्साडेसिमलची १७ अक्षरं, एकूण १९. तो आयपीसारखा फिरून दुसऱ्याकडे जात नाही, आणि बिल, क्लाउडट्रेल (एडब्ल्यूएस खात्यातल्या कृतींची नोंद), मॉनिटरिंग अशा एडब्ल्यूएसच्या सगळ्या नोंदींमध्ये तोच येतो.

बाकीचे पर्याय का नकोत? ‘नेम’ टॅग ऑटो स्केलिंग ग्रुपमधल्या (एकाच कामासाठी एकत्र वाढणाऱ्या-घटणाऱ्या) सगळ्या सर्व्हरना सहसा सारखाच असतो. मॅक आयडी नेटवर्क इंटरफेसचा असतो, मशीनचा नव्हे. लिनक्सचा मशीन-आयडी वरवर छान वाटतो, पण इमेज बनवताना तो पुसला नसेल तर त्या इमेजवरून निघालेल्या सगळ्या मशीनचा मशीन-आयडी एकच येतो.

आयडीसोबत ग्रुपचं छोटं नावही हवं. नुसता आयडी वाचून माणसाला काही बोध होत नाही, ‘दुकान-वेब’ वाचून होतो. म्हणून माझी पसंती या रूपाला आहे:

दुकान-वेब-आय-०ए४सी९१एफ२७डी५ई८०३बी६

लिनक्समध्ये होस्टनेमची मर्यादा ६४ अक्षरांची, आणि डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला भाग ६३ पर्यंत. ग्रुपचं नाव ४० अक्षरांच्या आत ठेवलं की काळजी नाही. अंडरस्कोअर टाळा, हायफन वापरा.

पायरी २: गोल्डन इमेज स्वच्छ करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग पुढचं सगळं करूनही लॉगमध्ये भुतं दिसत राहतात. गोल्डन इमेज म्हणजे ज्यावरून ग्रुपचे सगळे सर्व्हर निघतात ती मूळ इमेज. चालू मशीनवरून इमेज काढली की त्या मशीनची ओळखही इमेजमध्ये जाते. इमेज काढण्याआधी ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ ही फाइल रिकामी करा. फाइल ठेवायची, फक्त आतला मजकूर काढायचा, म्हणजे सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) पहिल्या बूटला नवा आयडी बनवतो. क्लाउड-इनिट हा पहिल्या बूटला सर्व्हरची मांडणी करणारा प्रोग्राम, त्याचं ‘क्लाउड-इनिट क्लीन’ चालवा. एसएसएचच्या होस्ट की काढा. हाताने ठेवलेलं होस्टनेम काढा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आरसिसलॉगची रांग. न पाठवलेले लॉग तो डिस्कवर ठेवतो, डेबियन-उबुंटूवर ‘/व्हार/स्पूल/आरसिसलॉग’मध्ये आणि रेड हॅटच्या कुळात ‘/व्हार/लिब/आरसिसलॉग’मध्ये. इमेज काढताना तिथे काही शिल्लक असेल, तर त्या इमेजवरून उभा राहणारा प्रत्येक सर्व्हर तेच जुने लॉग मध्यवर्ती सर्व्हरला पुन्हा पाठवतो. दहा सर्व्हर उभे राहिले तर एकच एरर दहा वेळा, तीही कित्येक आठवड्यांपूर्वीची. या दोन्ही डिरेक्टरी आणि जर्नलच्या (सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉगच्या) जुन्या फाइल पुसूनच इमेज काढा. हे काम पॅकरसारख्या इमेज बनवणाऱ्या टूलच्या शेवटच्या स्क्रिप्टमध्ये कायमचं टाकून द्या, माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका.

पायरी ३: बूट होतानाच नाव लावा

सर्वांत सोपा मार्ग एडब्ल्यूएसनेच दिलेला आहे. लाँच टेम्प्लेटमध्ये (नवा सर्व्हर कसा उभा करायचा ते सांगणाऱ्या साच्यात) किंवा सबनेटवर ‘होस्टनेम टाइप’ असं सेटिंग असतं. ते ‘आयपी नेम’वरून ‘रिसोर्स नेम’वर नेलं की होस्टनेम इन्स्टन्स आयडीवरून बनतं. स्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नाही. आज वेळ नसेल तर एवढं तरी आजच करा. मात्र ‘आयपी-’ने सुरू होणारी नावं गृहीत धरणारं काही जुनं तुमच्याकडे चालू नाही ना, ते आधी बघा. कुबरनेटिसच्या नोडची नावं, मॉनिटरिंगचे फिल्टर, अशा ठिकाणी ते लपलेलं असतं.

ग्रुपचं नावही हवं असेल तर क्लाउड-इनिट वापरा. यूजर डेटाच्या (लाँच टेम्प्लेटमधून बूटसाठी दिलेल्या सूचनांच्या) पहिल्या ओळीत तो जिंजा टेम्प्लेट (व्हेरिएबलच्या जागी मजकूर भरणारा साचा) असल्याचं सांगितलं, की आत ‘व्ही१ डॉट इन्स्टन्स_आयडी’ हा व्हेरिएबल मिळतो. होस्टनेमच्या ओळीत ग्रुपचं छोटं नाव, हायफन आणि हा व्हेरिएबल लिहायचा, बस. ग्रुपचं नाव टॅगमधून शोधून आणायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक ग्रुपचं लाँच टेम्प्लेट सहसा वेगळं असतं, त्यातल्या यूजर डेटामध्ये ते सरळ लिहून टाका. यूजर डेटाला १६ केबीची मर्यादा आहे, पण या कामाला चार ओळी पुरतात.

आता क्रमाकडे लक्ष द्या. आरसिसलॉग सुरू होताना होस्टनेम वाचून घेतो आणि तेच धरून बसतो. क्लाउड-इनिटने नाव बदलण्याआधीच तो उठला असेल तर जुन्या नावाने पाठवत राहतो. त्यामुळे आरसिसलॉगच्या सिस्टमडी युनिटला (सेवेच्या कॉन्फिग फाइलला) एक ड्रॉप-इन, म्हणजे मूळ फाइल न बदलता भर घालणारी, फाइल जोडा आणि त्यात ‘आफ्टर’ म्हणून क्लाउड-इनिटचा नेटवर्क टप्पा लिहा. त्या युनिटचं नाव क्लाउड-इनिटच्या नव्या आवृत्त्यांमध्ये बदललं आहे, तेव्हा आपल्या मशीनवर ‘सिस्टमसीटीएल’ने खात्री करूनच लिहा.

होस्टनेमला हात लावण्याची परवानगी नसेल, आणि मोठ्या कंपन्यांत ती बऱ्याचदा नसते, तर आरसिसलॉगच्या ‘ग्लोबल’ भागातलं ‘लोकलहोस्टनेम’ वापरा. मशीनचं खरं होस्टनेम तसंच राहतं, लॉगमध्ये मात्र तुम्ही दिलेलं नाव जातं. त्यासाठी आरसिसलॉगच्या आधी चालणारी एक छोटी वनशॉट (एकदाच चालून थांबणारी) सर्व्हिस लिहायची, जी आयडी वाचून कॉन्फिगची फाइल तयार करेल. फाइल बनल्यावर ‘आरसिसलॉगडी -एन१’ने ती तपासून घ्या.

आयडी वाचायला दर वेळी मेटाडेटा सेवेकडे (सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती देणाऱ्या क्लाउडच्या सेवेकडे) जायचीही गरज नाही. क्लाउड-इनिट तो ‘/व्हार/लिब/क्लाउड/डेटा/इन्स्टन्स-आयडी’ या फाइलमध्ये लिहून ठेवतो, ‘कॅट’ केलं की मिळतो. क्लाउड-इनिट नसेल तेव्हाच १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता गाठा, आणि तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेली दुसरी आवृत्तीच वापरा. आधी ‘पुट’ विनंतीने टोकन घ्यायचं, ते जास्तीत जास्त २१,६०० सेकंद म्हणजे सहा तास चालतं, आणि मग ते हेडरमध्ये लावून आयडी मागायचा. कंटेनरमधून विचारत असाल तर हॉप लिमिट (उत्तर नेटवर्कचे किती टप्पे ओलांडू शकतं ती मर्यादा) एकवरून दोनवर न्यावी लागते, नाहीतर उत्तर कंटेनरपर्यंत पोहोचत नाही आणि स्क्रिप्ट नुसती लटकून राहते.

पायरी ४: पाठवण्याची पद्धत सुधारा

आरसिसलॉग फॉरवर्ड करताना मूळचं जे टेम्प्लेट वापरतो ते जुन्या पद्धतीचं आहे. २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात वर्णन केलेलं, म्हणजे वर्ष नाही, टाइमझोन नाही. वरच्या दोन ओळी तशाच आहेत. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये पूर्ण तारीख, झोन आणि स्ट्रक्चर्ड डेटासाठी वेगळी जागा आहे. फॉरवर्ड ॲक्शनमध्ये ‘आरसिसलॉग_सिसलॉगप्रोटोकॉल२३फॉरमॅट’ हे तयार टेम्प्लेट लिहिलं की काम झालं.

यूडीपी ५१४ सोडा. टीसीपी घ्या, शक्यतो टीएलएससह (एनक्रिप्ट करून) ६५१४ पोर्टवर. ॲक्शनला लिंक्डलिस्ट प्रकारची रांग द्या, रांगेच्या फाइलला नाव द्या, ‘सेव्हऑनशटडाउन’ चालू करा आणि ‘रिझ्यूमरिट्रायकाउंट’ -१ ठेवा, म्हणजे लॉग सर्व्हर बंद असला तरी पाठवणारा हार मानत नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लॉग सर्व्हर पडला तर ही रांग तुम्हाला वाचवते. पाठवणारं मशीनच गेलं तर नाही. रूट व्हॉल्यूम, म्हणजे सर्व्हरची मुख्य डिस्क, सहसा टर्मिनेशनसोबत पुसला जातो आणि रांगही त्याच्याबरोबर जाते. त्याची सोय सहाव्या पायरीत आहे.

ॲमेझॉन लिनक्स २०२३ वापरत असाल तर त्यात आरसिसलॉग आधीपासून बसवलेला नसतो, फक्त जर्नल असतं. इमेज बनवतानाच पॅकेज टाका.

पायरी ५: जन्माची नोंद

सगळ्या पायऱ्यांमध्ये कमीत कमी कष्टात जास्तीत जास्त फायदा देणारी हीच. क्लाउड-इनिटच्या ‘रनकमांड’ भागात ‘लॉगर’ची (लॉगमध्ये ओळ लिहिणाऱ्या कमांडची) एक ओळ टाका. सर्व्हर उभा राहिला की तो स्वतःच मध्यवर्ती लॉगमध्ये सांगतो:

सर्व्हर-जन्म: आयडी, ग्रुप, इमेजचा आयडी, लाँच टेम्प्लेटची आवृत्ती, झोन, खाजगी आयपी

रनकमांड बूटच्या अगदी शेवटच्या टप्प्यात चालतो, तोवर आरसिसलॉग उठलेला असतो, म्हणून ओळ हरवत नाही. पुढे कोणी ‘१०.०.३.२१ वर मंगळवारी दुपारी कोण होतं’ असं विचारलं, तर मंगळवार दुपारच्या आधीची त्या आयपीची शेवटची जन्मनोंद शोधायची, उत्तर हातात. फायरवॉलचे किंवा डेटाबेसचे लॉग, ज्यात फक्त आयपी असतो, त्यांचाही उलगडा याच नोंदीवरून होतो.

पायरी ६: शेवटची मिनिटं वाचवा

सर्व्हर का मेला, याचं कारण बहुतेकदा त्याच्या शेवटच्या काही ओळींत असतं आणि नेमक्या त्याच हरवतात. ऑटो स्केलिंग ग्रुपला टर्मिनेशनचा लाइफसायकल हुक लावा. तो लावला की सर्व्हर लगेच न मरता ‘टर्मिनेटिंग:वेट’ अवस्थेत थांबतो. थांबण्याची मूळ मुदत ३,६०० सेकंद असते. एवढी कशाला? नुसते लॉग पाठवायला दोन-तीन मिनिटं पुष्कळ आहेत, उगाच तासाचं बिल वाढवू नका.

आपल्यावर ही वेळ आली आहे हे सर्व्हर स्वतः ओळखू शकतो. मेटाडेटामध्ये ऑटोस्केलिंगखाली ‘टार्गेट-लाइफसायकल-स्टेट’ असतं. एक टायमर ते बघत राहील, ‘टर्मिनेटेड’ दिसताच ॲप्लिकेशन थांबवेल, रांग रिकामी होऊ देईल आणि मग ‘कम्प्लीट-लाइफसायकल-ॲक्शन’ कळवेल. सर्व्हरच्या रोलला तेवढीच परवानगी द्या, जास्तीची नको. स्पॉट सर्व्हर (एडब्ल्यूएस मध्येच परत घेऊ शकतं असे स्वस्त सर्व्हर) असतील तर हिशेब वेगळा. व्यत्ययाची सूचना दोन मिनिटं आधी मिळते, आणि हुक असला तरी त्याहून जास्त वेळ पदरात पडेल असं धरून चालू नका.

निरोपाची ओळही पाठवा. एक छोटं युनिट लिहा, ज्याच्या ‘एक्झेकस्टॉप’मध्ये लॉगरची ओळ असेल आणि ‘आफ्टर’मध्ये आरसिसलॉग. सिस्टमडी बंद करताना उलट क्रमाने जातो, त्यामुळे हे युनिट आधी थांबतं आणि त्या वेळी आरसिसलॉग अजून जागा असतो. ज्या आयडीची जन्मनोंद आहे, निरोप नाही आणि जो आज चालूही नाही, तो सर्व्हर अचानक गेला असं समजायचं. ही यादी दर सोमवारी नुसती डोळ्याखालून घातली तरी बरंच काही लक्षात येतं.

पायरी ७: लॉग सर्व्हरवरची मांडणी

प्रत्येक होस्टची वेगळी डिरेक्टरी, ही जुनी सवय इथे मोडायला हवी. सर्व्हर रोज जन्मतात, त्यामुळे हजारो डिरेक्टरी आणि त्यात चिमुकल्या फाइल तयार होतात. मी ग्रुप आणि तारीख अशी फाइल करा म्हणेन, आयडी ओळीतच आहे, ग्रेपने सापडतो. तरीही होस्टनुसार फाइल हवीच असेल तर आरसिसलॉगचं ‘डायनाफाइलकॅशसाइझ’ वाढवा. ते मूळ १० असतं. ४० सर्व्हर बोलत असतील तर आरसिसलॉग सतत फाइल उघडण्या-मिटण्यातच दमतो आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. होस्टनेमवरून फाइलचा रस्ता बनवताना ‘सेकपाथ-रिप्लेस’ लावा, नाहीतर कोणी मुद्दाम स्लॅश असलेलं नाव पाठवून भलत्याच जागी लिहू शकतो.

‘फ्रॉमहोस्ट-आयपी’ही प्रत्येक ओळीत ठेवा. होस्टनेम हा पाठवणाऱ्याचा दावा आहे, तो खोटाही असू शकतो, आणि ताडून बघायला दुसरं काहीतरी हाताशी लागतं.

लॉग ओपनसर्चमध्ये (शोधाच्या इंजिनमध्ये) टाकत असाल तर आयडीचं फील्ड ‘कीवर्ड’ प्रकारचं करा. ‘टेक्स्ट’ ठेवलंत तर हायफनपाशी त्याचे तुकडे पडतात आणि शोध बिघडतो. लोकी या लॉग साठवण्याच्या टूलमध्ये ग्रुपला लेबल करा, आयडीला करू नका. सतत बदलणाऱ्या लेबलांनी स्ट्रीमची संख्या फुगते. आयडी स्ट्रक्चर्ड मेटाडेटामध्ये जाऊ द्या.

पायरी ८: मेलेल्या सर्व्हरची वही

टर्मिनेट झालेला सर्व्हर कन्सोलवर साधारण तासभर दिसतो आणि मग नाहीसा होतो. ऑटो स्केलिंगच्या घडामोडी सहा आठवडे मागच्या बघता येतात. क्लाउडट्रेलचा इव्हेंट इतिहास ९० दिवसांचा. आता याशेजारी सर्ट-इनचा (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) २८ एप्रिल २०२२ चा आदेश ठेवून बघा: भारतातल्या सेवांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत. म्हणजे चार महिन्यांपूर्वीची लॉगची ओळ तुमच्याकडे असेल, पण त्यातला सर्व्हर कोणता होता हे सांगणारी एडब्ल्यूएसची तयार नोंद नसेल. लॉग जपले आणि ओळख हरवली, तर चौकशीत त्या लॉगचा उपयोग निम्मा होतो.

म्हणून स्वतःची वही ठेवा. इव्हेंटब्रिजवर (एडब्ल्यूएसमधल्या घटना कळवणाऱ्या सेवेवर) सर्व्हर यशस्वी सुरू झाल्याचे आणि टर्मिनेट झाल्याचे इव्हेंट पकडून एका टेबलमध्ये आयडी, ग्रुप, आयपी, इमेज, झोन, सुरुवात आणि शेवट लिहीत जा. ही वही लॉगपेक्षा एक दिवसही कमी टिकता कामा नये. सोबत क्लाउडट्रेलची ट्रेल एस३ मध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) कायम चालू ठेवा. मोठ्या यंत्रणेशिवाय काम भागवायचं असेल, तर पाचव्या पायरीतल्या जन्मनोंदी रोज वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवल्या तरी पुष्कळ आहे.

सर्ट-इनच्या त्याच आदेशात घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवून ठेवायला सांगितलं आहे. आयपी आणि वेळ यांवरून सर्व्हर शोधताना वेळच चुकीची असेल तर शेजारच्याच सर्व्हरवर आळ येतो, तेव्हा हे नुसतं कागदी पालन नाही.

आधीच साचलेल्या लॉगचं काय?

हे सगळं करण्याआधीचे लॉग वाया गेले असं नाही. आयपी आणि वेळ घ्या, क्लाउडट्रेलमध्ये त्या वेळेच्या आधीचे ‘रनइन्स्टन्सेस’ इव्हेंट काढा. त्यांच्या उत्तराच्या भागात इन्स्टन्स आयडी आणि खाजगी आयपी दोन्ही असतात. ‘टर्मिनेटइन्स्टन्सेस’वरून शेवटची वेळ मिळते. दोन्ही जोडले की प्रत्येक आयपीचा कालक्रम तयार होतो. काम किचकट आहे, पण ९० दिवस उलटण्याआधी एकदा बसून केलं तर मागची तीन महिन्यांची वही भरून निघते.

दुसऱ्या क्लाउडवर

गुगल क्लाउडच्या मॅनेज्ड इन्स्टन्स ग्रुपमध्ये नाव ग्रुपच्या मूळ नावापुढे यादृच्छिक अक्षरं जोडून बनतं. ते वाचायला बरं, पण नोंद मात्र अंकी इन्स्टन्स आयडीची ठेवा. मेटाडेटा मागताना ‘मेटाडेटा-फ्लेवर: गुगल’ हे हेडर लागतं. ॲझ्युअरच्या स्केल सेटमध्ये ‘व्हीएमआयडी’ घ्या. पत्ता तोच १६९.२५४.१६९.२५४, हेडर ‘मेटाडेटा: ट्रू’. बाकीच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतात.

तपासणी

चाचणी ग्रुपची संख्या एकने वाढवा. जन्माची ओळ आली का आणि तिच्या आधीच्या ओळी कोणत्या नावाने आल्या ते बघा. जुन्या नावाने चार-दोन ओळी आल्या असतील तर क्रम अजून चुकतोय, तिसऱ्या पायरीतली ड्रॉप-इन फाइल पुन्हा तपासा. कर्नलच्या बूटच्या ओळी विशेष बघा, कारण त्या सर्वांत आधीच्या असतात. मग त्या सर्व्हरवर लॉगरने एक खुणेची ओळ लिहा आणि लगेच ग्रुपची संख्या एकने कमी करा. ग्रुप कोणता सर्व्हर काढेल हे त्याच्या टर्मिनेशन पॉलिसीवर असतं, तेव्हा दुसराच गेला तर तुमचा सर्व्हर ‘टर्मिनेट-इन्स्टन्स-इन-ऑटो-स्केलिंग-ग्रुप’ने नाव घेऊन काढा.

दुसऱ्या दिवशी, कन्सोलवरून तो सर्व्हर दिसेनासा झाल्यावर, ज्याने ही चाचणी केली नाही अशा सहकाऱ्याला फक्त आयपी आणि वेळ द्या. कन्सोल न उघडता, नुसत्या लॉग आणि वहीवरून त्याने आयडी, इमेज, खुणेची ओळ आणि निरोपाची वेळ शोधून दाखवायची. जिथे तो अडेल, त्या पायरीवर परत जा.